फुकटचें टपाल



आजच्या भाषणाचा विषय ऐकून कांहीं जणांना सहज वाटेल कीं, ज्या माणसानें उभें आयुष्य मुळशी तालुक्यांतील डोंगरकपारीच्या शाळांतून खडू झिजविण्यांत घालविलें, त्यानें ई-मेलसारख्या नव्या विषयावर बोलावें हें कांहींसें विचित्रच आहे. माझें शिक्षण जुन्या अकरावीपर्यंतचें, म्हणजे आमच्या पिढींत ज्याला मॅट्रिक म्हणत तेवढेंच. आणि संगणक प्रथम हाताळला तेव्हां माझ्या कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते. तेव्हां विद्वत्तेच्या जोरावर मी या विषयाला हात घालीत नाहीं. माझा अधिकार आहे तो चूक केलेल्या माणसाचा. ती चूक कोणती, तें मी योग्य स्थळीं सांगणार आहें. परंतु ती नीट उमजावी म्हणून प्रथम थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे.

मी नोकरीस लागलों त्या काळीं खेड्यांतील मास्तर हा गांवाचा वाचकही असे आणि लेखकही. आमच्या मुळशी-मावळांतील कर्ते पुरुष पोटासाठीं मुंबईस राहत. कोणी गिरणींत, कोणी हमालीला, तर कोणी जेवणाचे डबे पोंचविण्याच्या धंद्यांत. त्यांचीं पत्रें आलीं कीं आयाबाया शाळेच्या ओट्यावर येऊन बसत. मुलें घरीं गेल्यावर मी तीं पत्रें वाचून दाखवीत असें आणि उत्तरेंही लिहून देत असें. किती घरांचीं दुखणीं, किती जणांचीं कर्जें, किती सासुरवाशिणींचे उमाळे या कानांवरून गेले, त्याची गणती नाहीं. आज मनांत येतें, त्या बायांनीं आपलीं गुपितें इतक्या विश्वासानें माझ्या हातीं कशीं दिलीं? उत्तर साधें आहे. पत्र कोण वाचतो, हें त्यांना ठाऊक होतें. तो कशासाठीं वाचतो, हेंही ठाऊक होतें. वाचून झाल्यावर कागदाची घडी पुन्हा त्यांच्याच ओच्यांत जात असे. माझ्यापाशीं त्याची नक्कल राहत नसे. आणि मास्तरानें कोठें वाच्यता केली असती, तर दुसऱ्या दिवशीं त्याला गांवांत तोंड दाखविण्याची सोय नव्हती.

वाचणारा कोण, तो वाचतो कशासाठीं, नक्कल कोणाजवळ राहते, आणि विश्वासघात झाल्यास जाब कोणाला विचारावयाचा, हे चार प्रश्न श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावे. माझें सारें भाषण या चार प्रश्नांभोवतींच फिरणार आहे.

टपालाची आणखी एक गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. हिंदुस्थानांत पोस्टकार्ड १८७९ सालीं सुरू झालें. त्याची किंमत पाव आणा होती, आणि बंद पत्राला त्याच्या दुप्पट, म्हणजे अर्धा आणा पडत असे. या दोहोंतील भेद निरक्षर माणसालाही कळत होता. कार्डावर मजकूर असा घालावा कीं जो चावडीवर वाचला गेला तरी बिघडणार नाहीं; मनांतलें कांहीं लिहावयाचें तर पाकीट आणावें. बंद पाकीटही सरकारला कायद्यानें फोडतां येत असे. १८९८ च्या टपाल कायद्यांत तशी तरतूद होती आणि त्याच्या जागीं आलेल्या २०२३ च्या कायद्यांतही ती आहे. तथापि सामान्य माणसापुरता सौदा उघड होता. पैसा वाचवावयाचा तर आडपडदा सोडावा. आडपडदा हवा तर पैसा मोजावा. कोणत्या वेळीं काय निवडलें, हें ज्याचें त्याला ठाऊक असे.

आतां ई-मेलकडे वळूं. हॉटमेल या नांवाची फुकट ई-मेलची सोय ४ जुलै १९९६ रोजीं अमेरिकेंत सुरू झाली. तिच्या दोन संस्थापकांपैकीं एक, श्री. सबीर भाटिया, यांचें कांहीं शालेय शिक्षण आपल्या पुण्यांत झालेलें आहे. दुसरे जॅक स्मिथ. दीड वर्षाच्या आंत, १९९७ च्या अखेरीस, मायक्रोसॉफ्ट कंपनीनें ती सुमारें चाळीस कोटी डॉलरांना विकत घेतली. त्याच १९९६ सालीं मुंबईंत श्री. अजित बालकृष्णन् यांनीं रेडिफ ही संस्था काढली आणि पुढें तिचें फुकट ई-मेल कित्येक मराठी कुटुंबांचा पहिला पत्ता झालें. १ एप्रिल २००४ रोजीं गूगल कंपनीचें जी-मेल आलें. इतर ठिकाणीं दोन-चार मेगाबाइट जागा मिळत असतां येथें एकदम एक गिगाबाइट, म्हणजे शेंकडोंपट जागा मिळूं लागली. तारीख एक एप्रिल असल्यामुळें पुष्कळांना ती थट्टाच वाटली.

जी वस्तु लोक फुकट वांटतात ती चाळीस कोटी डॉलरांना कशी विकली जाते? शाळेंतील चवथीच्या मुलालाही हा प्रश्न पडावा. पण आपण मोठीं माणसें तो विचारीत नाहीं. 'फुकट तें पौष्टिक' म्हणून पुढें जातों. उत्तर असें कीं, येथें गिऱ्हाईक आपण नव्हे. गिऱ्हाईक आहे तो जाहिरात देणारा व्यापारी. आणि त्याला विकावयाचा माल म्हणजे आपलें लक्ष व आपल्याविषयींची माहिती. गूगलची जी मूळ कंपनी आहे, तिचें २०२३ सालचें उत्पन्न सुमारें ३०७ अब्ज डॉलर होतें आणि त्यांपैकीं सुमारें २३८ अब्ज जाहिरातींतून आलेले होते. रुपयांतील बारा आण्यांहून अधिक झाले, असें जुन्या हिशेबानें म्हणतां येईल.

जी-मेल निघालें तेव्हां त्यांतील पत्रांचा मजकूर यंत्राकरवीं तपासून त्याला अनुरूप अशी जाहिरात शेजारीं दाखविली जात असे. पत्रांत महाबळेश्वरचा उल्लेख आला कीं बाजूला हॉटेलाची जाहिरात यावी, असा तो प्रकार. एप्रिल २००४ मध्येंच ३१ संस्थांनीं कंपनीला पत्र लिहून याला हरकत घेतली. तरीही तेरा वर्षें तें चाललें. जून २०१७ मध्यें कंपनीनें जाहिरातींसाठीं मजकूर तपासण्याचें बंद करीत असल्याचें जाहीर केलें. न्यायाची गोष्ट म्हणून हेंही सांगतों कीं, यंत्रानें पत्र चाळण्यांत आपला फायदाही आहे. लॉटरी लागल्याचीं, बँकेचें खातें बंद होणार असल्याचीं खोटीं पत्रें जीं परस्पर बाजूला पडतात, तीं या चाळणीमुळेंच. रात्रीचा पहारेकरी हवा असेल, तर तो आपल्या दारावरून जाणारच. प्रश्न एवढाच कीं, पहाऱ्यासाठीं आलेल्यानें घरांतील सामानाची यादी करून बाजारांत न्यावी काय?

येथें कोणी म्हणेल, 'मजकूर वाचणें बंद झालें ना? मग चिंता कसली?' याचें उत्तर आमच्याच तालुक्याच्या एका धंद्यांत आहे. मुंबईच्या डबेवाल्यांची परंपरा १८९० सालीं महादू हावजी बच्चे यांनीं सुरू केली असें सांगतात. आणि या धंद्यांतील मंडळी मुख्यतः मुळशी, मावळ, खेड, जुन्नर, आंबेगांव याच भागांतली. डब्याच्या झांकणावर रंगीत अक्षरें व आंकडे असतात. त्यांवरून डबा कोठून उचलावयाचा, कोणत्या स्टेशनावर उतरवावयाचा, कोणत्या इमारतींत कोणत्या मजल्यावर द्यावयाचा, हें समजतें. डबा तो कधीं उघडीत नाहीं. पण जरा विचार करा. डबा न उघडतांही त्याला काय काय ठाऊक असतें? साहेब कोणत्या कचेरींत आहेत, नोकरी केव्हां बदलली, रजेवर कधीं आहेत, घरांतील बाई माहेरीं कधीं गेल्या, कोणत्या दिवसापासून डबा लहान झाला. डबेवाल्याच्या मनांत तें येतें आणि तेथेंच विरून जातें, कारण त्याला तें टिपून ठेवावयाचें नसतें. ई-मेलच्या पत्रावरही अशाच खुणा असतात. कोणीं कोणाला, किती वाजतां, कोणत्या ठिकाणाहून, किती वेळां लिहिलें, हें सारें यंत्राच्या वहींत उतरतें. आणि ती वही सहसा फाटत नाहीं. एखाद्या गृहस्थाचा कर्करोगाच्या इस्पितळाशीं आठवड्यांतून दोनदां पत्रव्यवहार होऊं लागला, तर आंतील अक्षर न वाचतांही त्याच्या घरांतील संकट ओळखतां येतें.

आतां खातें उघडतेवेळीं आपण काय काय देतों, तें पाहूं. प्रथम नांव. मग जन्मतारीख. मग मोबाइलचा क्रमांक. मग दुसरा एखादा ई-मेलचा पत्ता. कांहीं ठिकाणीं एखादा 'गुप्त प्रश्न': आईचें माहेरचें आडनांव काय, जन्म कोणत्या गांवीं झाला, पहिली शाळा कोणती. शेवटीं कित्येक पानांचा करार, आणि त्याच्या तळाशीं एक बटण, 'मान्य आहे'.

यांतील प्रत्येक गोष्टीला दोन बाजू आहेत. मोबाइलचा क्रमांक दिला तर पासवर्ड विसरल्यावर खातें परत मिळतें आणि परक्यानें शिरकाव केल्यास सूचना येते; हा लाभ खरा आहे. परंतु त्याच क्रमांकानें आपलें ई-मेल, आपली बँक, आपली खरेदी हे निरनिराळे धागे एका गांठींत बांधले जातात. कुलपासाठीं दिलेला क्रमांक दुसऱ्याच कामीं वापरला गेल्याचें उदाहरणही घडलेलें आहे. ट्विटर या कंपनीनें सुरक्षिततेसाठीं म्हणून घेतलेले क्रमांक व ई-मेलचे पत्ते जाहिरातींसाठीं वापरले, आणि त्यापायीं मे २०२२ मध्यें अमेरिकेंत तिला पंधरा कोटी डॉलर दंड भरावा लागला. गुप्त प्रश्नांची गोष्ट तर याहूनही सोपी. २००८ सालीं अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सेरा पेलिन यांचें याहूचें खातें एका विद्यार्थ्यानें उघडलें. त्यांची जन्मतारीख, पिनकोड, पतीची प्रथम भेट कोठें झाली, हीं उत्तरें सर्वांना ठाऊक असलेल्या माहितींतूनच त्याला सांपडलीं. आमच्या खेड्यांत आईचें माहेर हें काय गुपित आहे? तें तर अर्ध्या गांवाला पाठ असतें.

ठेवा एका जागीं सांठला कीं त्यावर चोराचा डोळा जातो, हेंही विसरतां कामा नये. ऑगस्ट २०१३ मध्यें याहूच्या भांडारावर दरोडा पडला. प्रथम एक अब्ज खात्यांची माहिती गेल्याचें सांगण्यांत आलें. ऑक्टोबर २०१७ मध्यें कबूल करण्यांत आलें कीं, त्या वेळचीं सर्वच्या सर्व, म्हणजे तीन अब्ज खातीं त्यांत सांपडलीं होतीं. घरांत चोरी झाली हें घरधन्यास चार वर्षांनीं कळावें, असा तो प्रकार.

आतां माझी चूक सांगतों.

२०१३ सालीं मी एका शाळेचा मुख्याध्यापक होतों. विद्यार्थ्यांचे अर्ज संगणकावरून भरावे लागूं लागले होते आणि त्यांना ई-मेलचा पत्ता हवा होता. एका पावसाळी दुपारीं मीं वर्गांतील सर्व मुलांचीं खातीं एका बैठकींत उघडलीं. ज्यांचें वय कमी पडत होतें त्यांचें वाढवून लिहिलें. मुलांजवळ मोबाइल नव्हते, म्हणून जेथें जेथें चाललें तेथें माझाच क्रमांक घातला. आणि मुलें विसरतील म्हणून सर्वांना एकच पासवर्ड ठरवून दिला: शाळेचें नांव आणि पुढें तें साल. तो मीं फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला आणि मुलांकडून वहींत उतरवून घेतला. त्या दिवशीं मी मोठ्या समाधानानें घरीं गेलों. एक पैसाही खर्च न होतां काम झालें होतें.

पांच वर्षांनीं, मी निवृत्त झाल्यावर, त्यांतील एक मुलगी माझ्या घरीं आली. बारावी होऊन तिनें परिचारिकेच्या शिक्षणासाठीं एका दूरच्या गांवीं अर्ज केला होता, आणि प्रवेश ठरेपर्यंत घरीं सांगावयाचें नाहीं असें मनाशीं ठरविलें होतें. पत्ता तिनें तोच जुना दिला होता, पासवर्डही तोच. तिच्या वर्गांतील एका मुलानें सहज चाळा म्हणून तें खातें उघडलें, अर्ज वाचला, आणि गोष्ट गांवभर केली. वडिलांना ती पारावर कळली. लेकीच्या तोंडून नव्हे. एवढ्यावर न थांबतां त्या मुलानें गंमत म्हणून पासवर्डही बदलून टाकला. मुलाखतीचें पत्र त्या खात्यांत येऊन पडलें आणि तारीख उलटून गेली.

खातें परत मिळविण्याचा एकच मार्ग होता. सांकेतिक आंकडा माझ्या क्रमांकावर येणार होता. पण तो क्रमांक मीं केव्हांच सोडून दिला होता. आमच्या खोऱ्यांत त्या कंपनीचा आवाजच पोंचत नसे. बंद पडलेला क्रमांक नव्वद दिवसांनंतर दुसऱ्या माणसाला देतां येतो, हें मला त्या वेळीं ठाऊक नव्हतें. मीं त्या क्रमांकावर फोन लावला. कोणी एक अपरिचित गृहस्थ बोलले. 'आपल्याकडे एक आंकडा येईल, तो कृपा करून मला सांगा,' असें मीं म्हणतांच त्यांनीं मला चार शब्द सुनावले आणि फोन बंद केला. आलेला आंकडा परक्याला सांगूं नये, हें त्यांना कोणीं तरी शिकविलेलें होतें. तें बरोबरच होतें. त्या संवादांत भामटा शोभावा असा मीच होतों.

त्या मुलीचें एक वर्ष वायां गेलें. मी तिच्या वडिलांकडे जाऊन दोष कोणाचा तें सांगितलें. ते भले गृहस्थ, त्यांनीं मला चहा दिला. पुढल्या वर्षीं ती शिकावयास गेली आणि आज ती आपल्या पायांवर उभी आहे. परंतु तें एक वर्ष मी तिला परत देऊं शकत नाहीं. आयुष्यभर इतरांचीं पत्रें विश्वासानें वाचलेल्या माणसानें चाळीस मुलांच्या पेटाऱ्यांची किल्ली फळ्यावर टांगून ठेविली, हें शल्य माझ्या मनांत राहिलें आहे. त्यांत कोणतीही परदेशी कंपनी दोषी नव्हती. दोष होता तो 'लहान मुलांच्या पत्रांत काय असावयाचें आहे?' या माझ्या समजुतीचा. पत्रांत काय आहे याचें मोल आज ठरत नसतें. तें पांच वर्षांनीं ठरतें.

दुसरीही एक गोष्ट या प्रकरणानें मला शिकविली. त्या मुलांच्या वतीनें संमति मीं दिली होती. परिणाम त्यांनीं भोगले. एकानें 'मान्य आहे' म्हणावें आणि दुसऱ्यानें किंमत द्यावी, हा प्रकार ई-मेलच्या व्यवहारांत पदोपदीं आहे. मी जी-मेलवर असेन आणि माझा मित्र नसेल, तरी त्यानें मला लिहिलेलें पत्र त्याच भांडारांत जाऊन पडतें. त्याला कोणीं विचारलें? अमेरिकेंत जी-मेलविरुद्ध जो खटला झाला, त्यांत खातें नसलेले लोकही वादी होते. आणि सप्टेंबर २०१३ मध्यें न्यायालयानें कंपनीचें 'खटला काढून टाका' हें म्हणणें बव्हंशीं अमान्य केलें. पुढें सर्वांचा मिळून एकत्र दावा चालविण्यास मात्र परवानगी मिळाली नाहीं.

मुळशीच्या माणसाला हा प्रश्न नवा नाहीं. शंभर वर्षांपूर्वीं मुळा-निळेच्या संगमावर धरण बांधण्याचें ठरलें, तेव्हां वीज मुंबईला जाणार होती आणि पाणी आमच्या शेतांवर चढणार होतें. शेतकऱ्यांची परवानगी न घेतांच त्यांच्या जमिनींत चर खणण्यास सुरुवात झाली. १९२१ सालीं सेनापति बापट यांच्या नेतृत्वाखालीं जो सत्याग्रह झाला, त्यांत एक पेंच असा होता कीं, कागदोपत्रीं जमिनीचे मालक असलेले कित्येक सावकार मोबदला घेण्यास राजी होते. आणि जो प्रत्यक्ष भात लावीत होता त्याचा होकार कोणींच मागितला नव्हता. जमीन आणि माहिती या एक वस्तु नव्हेत, हें मी जाणतों. बुडालेलें गांव आणि चोरीस गेलेलें पत्र यांची बरोबरी मी करीत नाहीं. पण संमति कोणाची घ्यावयाची, हा प्रश्न तोच आहे; आणि मोठ्या सोयीच्या प्रकाशांत तो दिसेनासा होतो, हेंही तसेंच आहे.

या बाबतींत कायदा काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ रोजीं आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें निर्णय दिला कीं, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो दावा आणणारे न्यायमूर्ति पुट्टस्वामी हे स्वतः निवृत्त न्यायाधीश आणि वयानें वृद्ध होते, याचें मला विशेष कौतुक वाटतें. पुढें २०२३ सालीं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्यें त्याचे नियम प्रसिद्ध झाले. कंपन्यांवरील मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनीं लागू व्हाव्या, अशी योजना आहे. त्यांतील तीन गोष्टी प्रत्येक घरानें लक्षांत ठेवाव्या. माहिती कशासाठीं घेतली जाते याची सूचना इंग्रजींत किंवा घटनेच्या आठव्या परिशिष्टांतील भाषेंत, म्हणजे मराठींतही, मिळण्याची सोय कायद्यानें सांगितली आहे. दिलेली संमति परत घेतां येते, आणि ती परत घेणें देण्याइतकेंच सोपें असलें पाहिजे. आणि अठरा वर्षांखालील मुलाच्या बाबतींत आईबापांची पडताळून पाहतां येईल अशी संमति आवश्यक आहे. २०१३ सालीं हा कायदा असता, तर त्या पावसाळी दुपारीं माझा हात कदाचित् थांबला असता.

'मग काय, मास्तर, ई-मेल वापरूंच नये?' असें कोणी विचारील. तसें मी म्हणत नाहीं. आमच्या खोऱ्यांतील मुलाला एक छदाम न मोजतां जगाच्या कोणत्याही विद्यापीठाला पत्र लिहितां येतें, ही लहान गोष्ट नाहीं. सौदा करूं नये असें नव्हे. सौदा जाणून करावा, एवढेंच माझें सांगणें आहे. त्या दृष्टीनें माझ्या घरीं मीं जे नियम घातले आहेत, ते आपल्यापुढें ठेवतों.

कार्ड आणि पाकीट हा जुना भेद मीं पुन्हा सुरू केला आहे. दुकानें, तिकिटें, जाहिरातवाले यांच्यासाठीं एक खातें. बँक, निवृत्तिवेतन, आजारपण आणि घरची माणसें यांच्यासाठीं दुसरें. पहिल्याचा पत्ता वाटेल त्याला देतों, दुसऱ्याचा मोजक्यांना. फॉर्मवर ज्या रकान्यापुढें 'आवश्यक' असें लिहिलेलें नसेल, तो मी कोराच ठेवतों. परीक्षेंत कोरी जागा सोडणाऱ्यांना मीं जन्मभर रागें भरलों, पण येथें कोरी जागा हेंच बरोबर उत्तर आहे. गुप्त प्रश्नाचें उत्तर खरें देत नाहीं. तें दुसराच एखादा शब्द असतें आणि तो कागदावर लिहून ट्रंकेंत ठेवलेला असतो. प्रत्येक खात्याला पासवर्ड निराळा, आणि महत्त्वाच्या खात्याला दुहेरी कुलूप. मोबाइलचा क्रमांक बदलावयाचा तर आधीं खात्यांत बदलावा आणि मग जुना सोडावा. दर दिवाळीच्या साफसफाईंत एक तास या खात्यांसाठीं राखून ठेवावा: कोणकोणत्या सोयींना आपण परवानगी देऊन बसलों आहों, तें सेटिंगमध्यें पाहावें, आणि नको त्या काढून टाकाव्या. पडून राहिलेलीं खातीं हीं कडी न लावलेल्या परसदारासारखीं असतात. तीं बंद करावीं. दोन वर्षें वापर नसलेलीं खातीं गूगल स्वतःच पुसून टाकूं शकतें, तेव्हां जीं फोटो-पत्रें हवीं असतील तीं वेळींच काढून ठेवावीं.

ज्यांच्या व्यवसायांत इतरांचीं गुपितें येतात, म्हणजे वैद्य, वकील, शिक्षक, त्यांनीं पैसे मोजून चांगलें टपाल घ्यावें, असें मला वाटतें. पत्र कुलुपबंद ठेवणाऱ्या सोयी आज आहेत. स्वित्झर्लंडमधील प्रोटॉन ही त्यांपैकीं एक. पण तिलाही २०२१ सालीं तेथील कायद्याच्या हुकमावरून एका खातेदाराच्या ठिकाणाचा माग लागेल अशी माहिती द्यावी लागली. आंतील पत्र तिच्या हातीं नव्हतें. बाहेरची खूण होती. कुलूप कितीही चांगलें असलें, तरी डब्याच्या झांकणावरील अक्षरें दिसावयाचींच.

आणि शेवटचें, जें मला सर्वांत महत्त्वाचें वाटतें. आपल्या घरांत एखादी आजी, एखादा कामाचा गडी, एखादी लहान मुलगी असेल, आणि तिचें खातें आपणच उघडून देत असूं, तर त्या क्षणीं आपण त्या ओट्यावरचे मास्तर झालेले असतों. किल्ली तिच्या हातीं द्यावी, नक्कल आपल्यापाशीं ठेवूं नये, आणि 'मान्य आहे' हें बटण दाबण्यापूर्वीं तिला वाचून दाखवावें कीं, बाई, यांत अमुक लिहिलें आहे. तुला मान्य आहे काय?

जुन्या बायांना वाचतां येत नव्हतें; पण कागदाची घडी परत मागून घेण्याचें त्या कधीं विसरत नसत.